माणसाच्या चालीनं चालणारी करवत

(राष्ट्रीय सुरक्षा सप्ताहानिमित्त कोल्हापुरात लघुउद्योजक, सुपरवायझर आणि आयटीआयच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय, 'धातू कापणाऱ्या बँडसॉची सुरक्षित हाताळणी आणि देखभाल'. बँडसॉ म्हणजे दोन चाकांवरून गोल फिरणाऱ्या दातेरी पट्टीची करवत. त्यावर येतोच. आधी एक विचारतो. तुमच्या कारखान्यात बँडसॉ कुठं उभा आहे? शेडच्या आत का बाहेर? बाहेर म्हणणाऱ्यांनी हात वर करा. बघा, निम्म्याहून जास्त हात. पत्र्याच्या आडोशाला, स्क्रॅपच्या ढिगाशेजारी, पावसाळ्यात वर ताडपत्री. संगणकावर चालणारं सीएनसी मशीन आत, काचेच्या केबिनला लागून. खंडेनवमीला झेंडूचा मोठा हार त्याला, आणि उरलेल्या चार फुलांचा बँडसॉला.

कारखान्यात येणारा प्रत्येक बार पहिल्यांदा जातो तो याच मशीनवर. शाफ्ट असो, फ्लँज असो, गिअर ब्लँक असो, त्याचा जन्म तिथला. काप दोन मिलिमीटर तिरका गेला की पुढं लेथवाला दोन मिलिमीटर फेसिंग करत, म्हणजे टोक तासून सपाट करत बसतो, आणि ते मटेरिअल तुम्ही किलोवर विकत घेतलेलं असतं. एवढ्या महत्त्वाच्या जागी माणूस कोण? काल कामावर लागलेला पोरगा. का? तर 'कापायचंच तर आहे'. हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलोय, आणि दर वेळी माझ्या डोळ्यांसमोर एक हात येतो. तो कुणाचा, ते सांगतोच.

त्याआधी पोरांनो, एक हिशोब. एमएसचा, म्हणजे साध्या पोलादाचा बार कापताना ब्लेडचा वेग साधारण मिनिटाला ७० मीटर ठेवतात. तासाला किती झाले? चार किलोमीटरच्या थोडं वर. म्हणजे रंकाळ्यावर संध्याकाळी फिरायला येणारी माणसं चालतात, तो वेग. अँगल ग्राइंडरची चकती सेकंदाला ८० मीटरपर्यंत पळते, ती किंचाळते, ठिणग्या उडवते, म्हणून आपण तिच्यापासून लांब उभे राहतो. बँडसॉ किंचाळत नाही. ब्लेड थंड ठेवणारं पांढरं दुधासारखं कूलंट वाहतंय, ब्लेड संथ सरकतंय, ब्लेड धरलेला आर्म सावकाश खाली येतोय. भीती वाटावी असं त्यात काही दिसतच नाही.

आता त्याच ब्लेडचे दाते मोजा. इंचाला चार धरले तर मीटरला १५७. सेकंदाला १८०च्या वर दाते एका जागेवरून जातात. बोटाला काही लागलं हे कळून हात मागं घ्यायला पाव सेकंद लागला असं धरा. तेवढ्यात ४५ दाते बोटावरून गेलेले असतात. हे दाते ईएन-८सारखं कडक पोलाद कापायला बनवलेले. त्यांच्यापुढं हाड म्हणजे काहीच नाही.

तो हात तात्यांचा. नाव सांगत नाही, कारखान्याचंही नाही. तीसेक वर्षं झाली. मी तेव्हा लेथवर नवा होतो आणि तात्या बँडसॉवर. हाताला चांगला माणूस, विडीकाडीचं व्यसन नाही, डब्यात रोज दोन भाकऱ्या जास्तीच्या, एक माझी. त्या दिवशी १५० मिलिमीटरचा ईएन-८चा बार लावला होता. दोन तृतीयांश कापून झाला आणि ब्लेड तुटलं. टेम्पो दारात उभा, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. तात्यांनी नवं ब्लेड चढवलं आणि जॉब व्हाइसमधून, म्हणजे बार आवळून धरणाऱ्या पकडीतून काढायला गेले. तेवढ्यात सुपरवायझर म्हणाले, "काढता कशाला? थोडंच राहिलंय. आहे त्याच कापात सोडा."

तात्यांनी सोडलं. ब्लेड जुन्या कापात बोटभर उतरलं आणि अडकलं. मोटर चालू, ब्लेड जागच्या जागी, पट्टा घसरतोय. जळलेल्या रबराचा वास मला लेथपर्यंत आला. तात्यांच्या हातात सुती हातमोजे होते, ब्लेड चढवताना घातलेले, ते काढायचे राहून गेले. मशीन बंद न करता त्यांनी ब्लेडला हलकासा रेटा दिला. गाडीचं अडकलेलं दार आपण जसं जरा हलवून बघतो ना, तसा. आणि ब्लेड सुटलं.

ओरडणं झालंच नाही. मी मान वर केली तेव्हा तात्या डाव्या हातानं उजवं मनगट धरून उभे होते. मोज्याचा एक धागा ब्लेडच्या दात्यात अडकून गोल फिरत होता, ब्लेड सरळ धरणाऱ्या गाईडमधून जायचा, वरून परत यायचा. कूलंट पांढरं होतं, ते गुलाबी होत चाललं होतं. तर्जनीची दोन पेरं गेली. रिक्षात मी त्यांना धरून बसलो होतो. दवाखान्याच्या दारात त्यांनी पहिलं काय विचारलं सांगू? "मशीन बंद केलंस का रं?"

पुढं चहाचा कप ते डाव्या हातानं धरायला शिकले. सही अंगठा आणि मधल्या बोटात पेन धरून करायचे. त्यांना नंतर शिपायाचं काम दिलं. अपघाताच्या कागदावर कारण लिहिलं होतं, 'कामगाराचा निष्काळजीपणा'. त्या ओळीचा राग माझ्या मनातून गेलेला नाही, आणि तिच्याचसाठी मी अशी व्याख्यानं देत फिरतो.

कारण काळजीत कमी पडण्याआधी तिथं दुसरंच काहीतरी कमी पडलं होतं. ब्लेड का अडकलं, हे तात्यांना माहीत नव्हतं, सुपरवायझरलाही नव्हतं आणि मलाही नव्हतं. मला ते कळलं पुढं कितीतरी वर्षांनी, दुकानातल्या एका ब्लेडवाल्याकडून. ब्लेडची पट्टी ०.९ मिलिमीटर जाडीची असते, पण काप पडतो दीड मिलिमीटरच्या आसपास. का? तर दाते सरळ रांगेत नसतात. एक डावीकडं झुकलेला, एक उजवीकडं, एक सरळ. याला सेट म्हणतात. त्यामुळं कापात पट्टीच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा राहते. वापरून वापरून दात्यांच्या बाहेरच्या कडा झिजतात आणि काप अरुंद पडायला लागतो. जुन्या ब्लेडच्या त्या अरुंद फटीत नवं, पूर्ण सेटचं ब्लेड सोडलंत तर ते आवळलं जाणारच. अडकतं तरी, नाहीतर पहिल्या मिनिटात नव्या ब्लेडचे दाते झडतात. म्हणून ब्लेड बदललं की जॉब फिरवायचा आणि दुसऱ्या बाजूनं नवा काप घ्यायचा. एवढंच. हे कुणी सांगितलं असतं तर तात्यांचं बोट आज जाग्यावर असतं.

मला वाटतं, बँडसॉवरच्या माणसाला नियमांची पाटी वाचून दाखवण्याआधी मशीन असं का वागतं ते सांगा. कारण कळलेला माणूस मशीनमध्ये हात घालत नाही, त्याला तशी वेळच येत नाही. त्यासाठी बँडसॉला एक कायमचा माणूस द्या. महिन्याला नवा हेल्पर आणून उभा केलात तर शिकवणार किती आणि कुणाला?

जाता जाता एक गोष्ट सांगतो, मला ती फार आवडते. पट्टीच्या करवतीची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये विल्यम न्यूबेरी यांनी १८०८-०९च्या सुमारास तिचं पेटंट घेतलं. पण करवत चालेना. पट्टीची दोन टोकं जोडली की ती चाकावरून वाकून वाकून सांध्याला तुटायची. १८४६ साली फ्रान्समध्ये ॲन पॉलिन क्रेपिन नावाच्या बाईंनी सांधा टिकेल अशी जोडण्याची रीत काढली, तेव्हा कुठं ही करवत कामाला लागली. जवळजवळ चाळीस वर्षं सगळं एका सांध्यावर अडून होतं. आजही ब्लेड चढवण्याआधी मी सांध्यावरून बोट फिरवतो, अर्थात मशीन बंद असताना. सांधा उंच राहिला असेल तर गाईडमध्ये दर फेरीला ठोका बसतो. टक, टक, टक. तो आवाज ऐकायला शिका.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं उरली म्हणतायत. बरं. मग पत्रिकेवरचं आता भराभर घेऊ, लिहून घ्या.

नवं ब्लेड. आपण कोल्हापूरकर, आपल्याला हे समजावून सांगायला नको. नवी कोल्हापुरी चप्पल घालून कुणी त्याच दिवशी जोतिबाचा डोंगर चढतं का? तेल पाजतो, दोन दिवस घरात वापरतो. नव्या ब्लेडच्या दात्याची धार इतकी बारीक असते की पहिल्याच कापाला पूर्ण दाब दिला तर टोकांचे कपचे उडतात. वेग नेहमीचाच ठेवायचा, आर्म खाली येण्याची गती निम्मी किंवा त्याहून कमी. १०० मिलिमीटर बारचे पहिले पाच-सहा काप असेच घ्या, मग हळूहळू नेहमीवर आणा. मालक मंडळी, वाचवायची असेल तर ब्लेडची किंमत इथं वाचते.

दाते किती? कापताना कमीत कमी तीन दाते मटेरिअलमध्ये हवेत. तीन मिलिमीटर जाडीचा पाइप इंचाला चार दात्यांच्या ब्लेडवर लावलात तर पाइपची भिंत दोन दात्यांच्या मधल्या खाचेत पडते आणि पुढचा दाता तिच्यावर आपटतो. पाइपाला बारीक दाते, भरीव बारला मोठे.

चिप, म्हणजे कापताना निघणारा कीस बघा. ऑपरेटरनं घड्याळापेक्षा चिपकडं जास्त बघावं. पावडरीसारखी बारीक येत असेल तर दाते नुसते घासतायत, दाब वाढवा. जाड, निळी, जळकी येत असेल तर दाब किंवा वेग कमी करा. चांदीसारखी, सैल वेटोळ्याची आली की सगळं ठीक. हे एमएससाठी. बिडाची चिप वेटोळं घेत नाही, भुकटीच पडते, आणि बीड कोरडंच कापायचं. आपल्याकडं फौंड्र्या आहेत म्हणून मुद्दाम सांगतो.

चिपा झाडणारा तारेचा ब्रश. तो झिजला की खाचेतली चिप पुन्हा कापात जाते आणि दाते मारते. किती स्वस्तातली वस्तू, आणि कितीतरी ठिकाणी तिथं नुसता दांडा उरलेला असतो. जाऊन बघा आपापल्या मशीनला.

कूलंट. पाण्यात तेल ओतायचं, तेलात पाणी नाही. प्रमाण साधारण आठ ते दहा टक्के, अंदाजानं नको, ते मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर घ्या. सुट्टीनंतर सकाळी टाकीतून कुबट वास आला तर तेल सडलंय. वर तरंगणारं काळं तेल काढा, टाकी धुवा. त्या घाण कूलंटनं पोरांच्या हाताला खाज सुटते, चट्टे उठतात.

काप तिरका जातोय? सगळे व्हाइसला दोष देतात. आधी ब्लेडची धार बघा, मग ताण, मग गाईड. ताण मीटरवर मोजा, बोटानं छेडून नको. सरकता गाईड जॉबच्या जितका जवळ नेता येईल तितका न्या, लांब ठेवलात की ब्लेड मधे वळवळतं. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी ताण सैल करून जा, आणि सैल केलाय अशी पाटी लावून जा.

पकड. बारांचा जुडगा कापताना एक जरी बार सैल राहिला तर तो गरगर फिरतो आणि दाते झाडतो. आखूड तुकडा व्हाइसच्या एका टोकाला धरायचा असेल तर दुसऱ्या टोकाला तेवढ्याच मापाचा ठोकळा लावा, नाहीतर जबडा तिरका होतो. कापून पडणारा तुकडा हातानं झेलायचा नाही.

हातमोजे. ब्लेड हाताळताना घालायचे, मशीन चालू करण्याआधी काढायचे. तात्यांचं यातलं दुसरं राहिलं होतं. ब्लेड बदलताना मेन स्विच बंद, त्याला कुलूप, किल्ली आपल्या खिशात. आर्म वर उचललेला असेल तर त्याला खालून टेकू. हायड्रॉलिकच्या भरवशावर त्याच्याखाली हात घालायचा नाही.

झाकण. हे शेवटचं, आणि हे मालकांना आणि सुपरवायझरना. चाकाच्या झाकणाला लिमिट स्विच असतो. झाकण उघडलं की मशीन थांबावं म्हणून तो दिलाय. मी जातो तिथं निम्म्या मशीनींवर त्याला तार गुंडाळून तो दाबून ठेवलेला दिसतो. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८च्या कारखाने अधिनियमात, २१व्या कलमात, मशीनचा भाग फिरत असेतोवर त्याचं संरक्षण जाग्यावर असलं पाहिजे असं लिहिलं होतं. कायदा बाजूला ठेवा वाटलं तर. तुम्ही घरी गेल्यावर सेकंड शिफ्टला त्या झाकणाशेजारी एकटा पोरगा उभा असतो. आज परत गेलात की आधी ती तार सोडा. चहा त्यानंतर घ्या.

वेळ संपली, प्रश्न खाली वर्कशॉपमध्ये घेऊ. तिथं २७ मिलिमीटर रुंदीचं नवं ब्लेड तीन वेटोळ्यांत बांधलेलं ठेवलंय. ते उलगडताना स्प्रिंगसारखं उसळतं, बाकीच्यांनी चार हात लांब उभं राहायचं. आयटीआयची दोन पोरं पुढं या. आधी चष्मा. मग मोजे. आता ते तोंडापासून लांब धरा, हां, असं, आणि पहिली तार मी सांगितल्याशिवाय कापायची नाही.