हत्यार बदलतं, माणूस कसा टिकतो?

१९७८, जुलैची पहिली रात्र. न्यूयॉर्क टाइम्सच्या छापखान्यात लायनोटाइप मशीनवर शेवटचा अंक जुळवला जातोय. ऑपरेटर बटणं दाबतो, साचे खाली सरकतात, वितळलेलं शिसं त्यात जातं आणि अख्खी ओळ धातूची होऊन बाहेर पडते, एक अक्षर चुकलं तर पूर्ण ओळ परत. उलटी अक्षरं सहज वाचणारी ही माणसं, आयुष्य यात गेलेलं, आणि आता समोर कॉम्प्युटर. काहींनी तिथेच थांबायचं ठरवलं आणि त्यांना नावं ठेवायचं काहीच कारण नाही, इतक्या वर्षांचं कसब बाजूला ठेवणं खूप जड जातं. पण बरेच जण परत शिकाऊ झाले, आणि आज त्यांच्यासारख्या माणसांबद्दलच बोलायचंय.

हे काही पहिल्यांदा घडलेलं नव्हतं. पीटर शॉफर नावाचा माणूस १४४९ साली पॅरिसमध्ये हाताने ग्रंथ उतरवून काढायचा. थोड्याच वर्षांत तो जर्मनीतल्या माइंत्स शहरात गुटेनबर्गच्या छापखान्यात दिसतो, आणि १४५७ मध्ये भागीदारासोबत स्तोत्रांचं पुस्तक छापतो, ज्यात सुरुवातीची मोठी अक्षरं लाल-निळ्या रंगात छापलीयेत. आता बघा, ही रंगीत अक्षरं आधी हाताने काढली जायची. म्हणजे लेखणी सुटली पण पान कसं दिसायला हवं ही नजर तो सोबत घेऊन आला. माझ्या मते सगळ्यात मोठा गुण हाच, आपल्या कामातलं हत्यार कुठलं आणि कसब कुठलं हे ओळखता येणं.

पुढे १९८५ ला कॉम्प्युटरवर पानं जुळवायचं पेजमेकर आलं, २००७ ला ईबुक वाचायचं यंत्र किंडल, हत्यारं बदलतच गेली.

एक साधं उदाहरण घेऊ. पुस्तकाच्या शेवटी सूची असते, विषय आणि त्यापुढे पान नंबर. तेच पुस्तक फोनवर उघडा, अक्षर मोठं करा, आता पान २१२ कुठे गेलं? तसं ठरलेलं पानच उरत नाही. सूची म्हणजे पान नंबर असं धरून बसलेला माणूस इथे अडकतो. वाचकाला हवं ते पटकन सापडावं म्हणून सूची असते हे ज्याला कळलंय तो प्रत्येक नोंदीला त्या नेमक्या परिच्छेदाची लिंक देतो आणि मग स्वतः फोन घेऊन एकेक लिंक दाबून बघतो, शेवटच्या नोंदीपर्यंत. कंटाळवाणं काम आहे, कुणी कौतुकही करत नाही, पण वाचकाबद्दलची आस्था मला इथेच दिसते. ऑडिओबुकचंही तेच. "वरच्या तक्त्यात पाहा" हे वाक्य कानावर पडतं तेव्हा ऐकणारा कदाचित गाडी चालवत असतो, त्याने कुठला तक्ता बघायचा? चांगला संपादक रेकॉर्डिंगच्या आधी मजकूर मोठ्याने वाचतो आणि अशी वाक्यं बदलून घेतो.

आणि विचारायची लाज नको. अनुभवी संपादकाने काल लागलेल्या पोरीशेजारी खुर्ची ओढून "मेटाडेटात, म्हणजे पुस्तकाच्या डिजिटल माहितीत, नक्की काय भरायचं गं, मला दाखव" म्हणणं, यात कमीपणा काहीच नाही, उलट ती पोरगीही मग त्यांना बिनधास्त विचारते की सर लेखकाला नकार कसा कळवायचा, आणि हे कुठलंच सॉफ्टवेअर शिकवत नाही.

अर्थात नवीन दिसलं की धाव, हाही गुण नाही. ईबुक आल्यावर छापील पुस्तक संपणार असं किती छातीठोकपणे सांगितलं गेलं, पण ते संपलं नाही. दोन्हीकडे शांतपणे बघणारी माणसं कामाची ठरली.

आता एआय आलंय, आणि इथे थोडा हट्टीपणाही लागतो. वाक्यं गुळगुळीत असतात, कुठे खडा लागत नाही, आणि तरी आत दिलेलं एखादं वर्ष चुकीचं असू शकतं, एखादं अवतरण त्या माणसाने कधी म्हटलेलंच नसतं. असा मजकूर आला की ज्याचा हात आपोआप मूळ संदर्भ उघडायला जातो, जो लेखकाला फोन करून नीट, मान ठेवून विचारतो की हे तुम्ही कुठून घेतलंत, तो संपादक मला आज सगळ्यात मोलाचा वाटतो. आणि उत्तर मिळालं नाही तर तो परिच्छेद पुस्तकातून काढला जातो, छपाईची तारीख पुढे गेली तरी चालेल.