कॅमसेल: फ्लॅटच्या आधी इथं काय होतं

हा ड्रोन शॉट कॅनडातल्या एडमंटनचा. समोर ही जी फ्लॅटची बिल्डिंग दिसतेय ना, ते चार्ल्स कॅमसेल हॉस्पिटल होतं. इमारत १९६७ची, हॉस्पिटल त्याहून जुनं, १९४६ला केंद्र सरकारने खास आदिवासी पेशंटसाठी, म्हणजे फर्स्ट नेशन्स आणि उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांसाठी काढलेलं, मुख्यतः टीबीचं. गोऱ्यांचे दवाखाने वेगळे. १९९६ला बंद पडलं, मग वीसेक वर्षं नुसतं रिकामं, पोरंटोरं रात्री भुतं बघायला शिरायची. भुतांच्या गोष्टी गावभर, पेशंटचं मात्र नाव कुणी काढत नव्हतं.

आता हे जुनं फुटेज बघा. उत्तरेकडच्या वस्तीवर विमान उतरतं, एक्स-रे मशीन बाहेर निघतं, रांग लागते, आणि फुफ्फुसावर डाग दिसला की माणूस थेट विमानात, मग तो घरातला कर्ता असो की पाच वर्षांचं पोर, जिथं उतरणार तिथली भाषा येत नाही, परत कधी यायचं ते कुणी सांगत नाही. काही जण महिनोन्महिने, काही तर काही वर्षं बेडवरच.

आणि हा बिल्ला. नाण्याएवढा, तपकिरी, एका बाजूला राजमुकुट, दुसऱ्या बाजूला डब्ल्यू आणि पुढे नंबर. डब्ल्यू म्हणजे पश्चिम आर्क्टिक. इन्युइट लोकांत आडनावाची पद्धत नव्हती आणि साहेबाला त्यांची नावं लिहिता येईनात, म्हणून १९४१पासून सगळ्यांना हे वाटले, गळ्यात नाहीतर मनगटाला. आपल्याकडे गुरांच्या कानाला टॅग मारतात, अगदी तसंच.

२०२१ला याच आवारात रडार फिरवलं, जमिनीत थडगी आहेत का बघायला. गवतावर खुणा केल्या, जिथं शंका आली तिथं खणलं, आणि निघाला काय तर राडारोडा. थडगं एकही नाही.

माणसं मेली नव्हती असं नाही. बॉडी घरी पाठवायचा खर्च सरकार करत नव्हतं, कितीतरी घरच्यांना कळवलंसुद्धा नाही, २०१९ला पंतप्रधान ट्रूडोंनी इन्युइट लोकांची माफी मागितली.

आता आपण शेजारच्या सेंट अल्बर्टला आलोय. जुन्या निवासी शाळेची, म्हणजे आदिवासी पोरांना घरापासून तोडून ठेवायचे तसल्या शाळेची, ही दफनभूमी, आणि हा दगडी चौथरा १९९०चा. म्हणजे ते रडार फिरत होतं तेव्हा याला तीस वर्षं होऊन गेली होती, गाडीने फार लांबही नाही. यावर १९४६ ते १९६६मध्ये गेलेले कॅमसेलचे ९८ पेशंट. नंबर नाही, नावं आहेत.

कॅमेरा सावकाश खाली येतोय, वाचा.