मूळकूज आणि ट्रायकोडर्मा

झाड मलूल दिसतं, पानं पिवळी पडतात आणि पाणी देऊनही तरारत नाहीत. अशा वेळी पाणी वाढवू नका, आधी फांद्यांच्या घेराखालची माती अलगद उकरा. एक बारीक मुळी चिमटीत धरून ओढा. साल हातात आली आणि आत दोऱ्यासारखा गाभा उरला, तर ती मूळकूज. निरोगी मुळी पांढरी असते, साल सोडत नाही.

बहुतेक फळबागांत यामागे फायटोप्थोरा हा मातीतला रोगकारक सूक्ष्मजीव असतो. त्याचे बीजाणू पाण्यात पोहतात. म्हणून पहिलं काम चर काढण्याचं. पाणी तुंबलेल्या मातीत हवा नसते आणि तिथे यावरचा उपाय असलेला ट्रायकोडर्माही तग धरत नाही.

ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी. १९३२ मध्ये शास्त्रज्ञ वाइंडलिंग यांनी ती रोगकारक बुरशीभोवती वेटोळे घालून तिला खाते, हे दाखवलं. शिवाय ती मुळांभोवतीची जागा आणि अन्न आधीच बळकावते.

ट्रायकोडर्माची भुकटी नुसती फेकून उपयोग नाही, ती वाढवावी लागते. पूर्ण कुजलेलं, थंड शेणखत १०० किलो, त्यात भुकटी १ किलो. ओल इतकीच की मुठीत गोळा व्हावा, पण पाणी टपकू नये. सावलीत फूटभर उंचीचा ढीग करून ओलं गोणपाट झाका, दर तीन-चार दिवसांनी हलवा. १० ते १५ दिवसांत हिरवट बुरशी दिसते. इथे बहुतेकांचं चुकतं ते कच्च्या शेणामुळे: ते तापतं आणि बुरशी मरते. जुनी, उन्हात ठेवलेली भुकटीही अशीच फसवते.

हे खत खोडाशी नको, फांद्यांच्या घेराखाली पसरा. तंतुमुळं तिथेच असतात. वरच्या चार बोटं मातीत हलक्या हाताने मिसळा, कुदळ खोल घालू नका. वर पाचटाचं आच्छादन करा आणि वाफसा, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही, टिकवा.

कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी केली असेल, म्हणजे त्याचं द्रावण मुळांशी ओतलं असेल, तर ट्रायकोडर्मा देण्याआधी १५-२० दिवस थांबा. गंमत म्हणजे ते फायटोप्थोराला काहीच करत नाही, मारतं ते ट्रायकोडर्माला! मेटॅलॅक्झिल या दुसऱ्या बुरशीनाशकाचं तसं नाही. फायटोप्थोरा त्याला दबतो आणि ट्रायकोडर्माला त्याचा फारसा त्रास होत नाही.

निम्म्याहून अधिक मुळं गेलेलं झाड मात्र एवढ्याने उठत नाही. त्यावरची फळं उतरवा, फांद्यांची हलकी छाटणी करा आणि काही आठवड्यांनी माती पुन्हा उकरून पांढरी मुळी सुटली का ते पाहा.