क्रिएटिनिन नॉर्मल आहे, पण किडनी?

नमस्कार मंडळी. शुगरवाल्या माणसाच्या हातात रिपोर्ट पडला की तो आधी एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी शुगर) बघतो, मग खाली कुठेतरी क्रिएटिनिन 1.1, शेजारी नॉर्मल रेंज, ठळक अक्षरात काही नाही, म्हणजे किडनी ओके, चला. गडबड इथेच होते.

क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंमधून रोज तयार होणारा कचरा, किडनी तो गाळून लघवीतून बाहेर टाकते. आता ज्याच्या अंगावर स्नायूच कमी, म्हणजे वयस्कर, बारीक माणूस, त्याच्यात तो बनतोच कमी, मग किडनी थकली तरी आकडा आपला साळसूदपणे रेंजमध्ये. हाच 1.1 घ्या ना. 25 वर्षांच्या पुरुषाचा असेल तर 2021 च्या सीकेडी-ईपीआय फॉर्म्युल्याने ईजीएफआर (क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांवरून काढलेला, किडनी किती वेगाने गाळते याचा अंदाज) 95 च्या आसपास येतो, आणि 70 वर्षांच्या बाईचा असेल तर साधारण 54! आणि 60 च्या खालचा आकडा तीन महिने टिकला की त्याला क्रॉनिक किडनी डिसीज, म्हणजे किडनीचा जुनाट आजार म्हणतात. म्हणून रिपोर्टवर ईजीएफआर शोधा, लॅबने दिला नसेल तर डॉक्टरांना विचारा, आणि जुने रिपोर्ट फेकू नका हो, आकडा वर्षागणिक कुठे चाललाय ते त्यातूनच कळतं.

एका रिपोर्टवरून घाबरायचं पण नाही. आदल्या रात्री भरपूर मटण खाल्लं, पाणी कमी प्यायलं, जिमवाल्यांची क्रिएटिन पावडर चालू असली, तरी क्रिएटिनिन वर जातं. शंका राहिली तर सिस्टॅटिन सी नावाची रक्ताची टेस्ट आहे, तिचा स्नायूंशी फारसा संबंध नाही, मात्र थायरॉइड आणि स्टेरॉइडने तीही हलते. अजून एक, एसजीएलटी-2 गटातली शुगरची गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ईजीएफआर थोडा उतरतो, आणि लोक घाबरून गोळी आपल्या मनाने बंद करतात, जी किडनी वाचवते!

नुसत्या रक्तावर पण विसंबू नका. डायबिटीसच्या सुरुवातीला किडनी कधीकधी उलट जास्तच गाळते, ईजीएफआर मस्त दिसतो आणि तिकडे लघवीतून अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन झिरपायला लागलेलं असतं. टाइप 2 वाल्यांनी निदान झाल्यापासूनच, टाइप 1 वाल्यांनी 5 वर्षांनंतर, दरवर्षी दोन्ही टेस्ट करायच्या, रक्तातून ईजीएफआर आणि लघवीतलं अल्ब्युमिन.

आणि हो, इन्सुलिनचा डोस तोच, खाणं तेच, तरी शुगर सारखी लो व्हायला लागली, तर खूश होण्याआधी क्रिएटिनिन तपासून घ्या, कारण इन्सुलिनचा निचरा किडनीही करते, ती मंदावली की ते अंगात जास्त वेळ रेंगाळतं.