वाईट फॅन नेहमी समोरच्याच स्टँडमध्ये का असतात

नमस्कार मंडळी. कार्डावर विषय छापलाय "प्रतिस्पर्धी फॅन्स: वागणूक, बदनामी आणि उपाय". त्यातले "उपाय" आयोजकांनी घातलेत, मी फोनवर फक्त पहिल्या दोन गोष्टी कबूल केल्या होत्या. पण आता छापलंय तर बोलू, वेळ उरला तर.

जरा हात वर करा बघू, कोण कुठल्या फुटबॉल क्लबचं. लिव्हरपूलवाले? बरेच आहेत की. युनायटेड? हं, हात हळूहळू वर येतायत, समजू शकतो, दिवसच तसे आहेत. आर्सेनल? चेल्सी? बार्सा, रियाल? आणि एव्हर्टन? कोणीच नाही? म्हणजे आजही मी एकटाच. चालेल, सवय आहे.

आता यातल्या कोणालाही विचारा, की सगळ्यात हलकट फॅन कुणाचे, तर उत्तर ठरलेलं असतं, शेजारच्या क्लबचे. पुरावाही तयार असतो. आपल्या स्टँडमधून कोणी बाटली फेकली तर "तो एक मूर्ख होता, आमचा नव्हेच तो", आणि त्यांच्याकडून आली तर "ते लोक असलेच". आपला तो एक, त्यांचे ते सगळे. ताजफेल नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या आसपास ब्रिस्टलकडच्या शाळकरी पोरांवर प्रयोग केले होते. तुला हा चित्रकार आवडतो, त्याला तो, असं काहीतरी फुटकळ कारण देऊन पोरांचे दोन गट पाडले, आपल्या गटात नक्की कोण आहे हेही सांगितलं नाही, आणि मग पैसे वाटायला लावले. पोरांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं हे तर झालंच, पण बऱ्याच वेळा आपल्याला थोडे कमी मिळाले तरी चालतील, समोरच्यापेक्षा जास्त पाहिजेत, असा हिशोब केला. आपण वेगळं काय करतो? आपल्याला ट्रॉफी नको, त्यांना मिळायला नको. (टाळ्या) टाळ्या नेमक्या आर्सेनल आणि चेल्सीकडून आल्या हे नोंदवून ठेवतो.

तर मला जे सांगायचंय ते असं, की फॅन्सची बदनामी सुरू होते त्यांच्या वागण्यातूनच, ते मी नाकारत नाही, पण एकदा झाली की ती स्वतःच्या पायावर चालायला लागते. मग पोलीस त्या बदनामीला बघून तयारी करतात, पेपरवाले तिला बघून हेडलाइन लिहितात, स्टेडियमवाले तिला बघून जाळ्या ठोकतात, आणि शेवटी ते सगळं त्याच माणसांच्या अंगावर येतं. आणि दुसरं, ज्याच्यावर माझा जरा जास्त जीव आहे, ते हे की अशा बदनाम फॅन्सच्या बाजूने उभं राहायला सगळ्यात लायक साक्षीदार कोण, तर त्यांचा कट्टर प्रतिस्पर्धी. मित्राने कौतुक केलं तर कोण विचारतो.

यासाठी मला एव्हर्टनचं १९८५ साल सांगावं लागेल. हसू नका, मुद्द्याला धरून आहे.

१९८५ साली एव्हर्टन, म्हणजे लिव्हरपूल शहरातलाच दुसरा क्लब, इंग्लंडचा चॅम्पियन होता. ९० पॉइंट, दुसरा नंबर लिव्हरपूलचा, १३ पॉइंट मागे. परत सांगू का, लिव्हरपूल १३ पॉइंट मागे. त्याच सीझनला युरोपियन कप विनर्स कप पण आम्हीच घेतला, सेमीफायनलला बायर्नला आमच्या तेव्हाच्या मैदानावर, गुडिसनवर, ३-१ हाणलं, आणि १५ मे ला रॉटरडॅममध्ये रॅपिड व्हिएन्नाला ३-१. त्या फायनलची एक गोष्ट एव्हर्टनवाले अजून सांगतात, की मॅचच्या आधी आमचे फॅन रॉटरडॅमच्या रस्त्यावर डच पोलिसांबरोबर फुटबॉल खेळत होते. हे ऐंशीच्या दशकातले इंग्लिश फॅन हां, ज्यांचं नुसतं नाव काढलं की युरोपातले दुकानदार शटर ओढायचे.

आणि बरोबर चौदा दिवसांनी, २९ मे ला, ब्रुसेल्सला हेझेल झालं. युरोपियन कपची, म्हणजे आजच्या चॅम्पियन्स लीगची, फायनल, लिव्हरपूल विरुद्ध इटलीचा युव्हेंटस. मॅच सुरू व्हायच्या आधी लिव्हरपूलचे फॅन शेजारच्या सेक्शनवर धावून गेले, तो सेक्शन खरं तर तटस्थ लोकांसाठी होता पण तिकिटं बरीचशी इटालियन लोकांकडे गेली होती, लोक मागे सरकत सरकत भिंतीपाशी दाबले गेले, भिंत कोसळली. ३९ माणसं गेली, बहुतेक युव्हेंटसची. स्टेडियम जुनाट आणि पडका होता, नियोजनात गोंधळ होता, हे सगळं खरं, पण धावून जाणारे धावून गेले आणि त्यातल्या चौदा जणांना पुढे बेल्जियमच्या कोर्टात शिक्षा झाली. इथे मी कोणाचीही वकिली करणार नाही.

मग युएफाने, म्हणजे युरोपातल्या फुटबॉलच्या संघटनेने, काय केलं, तर इंग्लंडच्या सगळ्या क्लबांना युरोपातून बाहेर काढलं. सगळ्या. जे चौदा दिवसांपूर्वी पोलिसांबरोबर बॉल खेळत होते तेही बाहेर. बंदी पाच वर्षं चालली, लिव्हरपूलला एक वर्ष जास्त. आमच्या हातात इंग्लंडमधली सगळ्यात भारी टीम होती आणि युरोपियन कप आम्ही खेळलोच नाही. तो १९८६ चा कप शेवटी स्टेआवा बुखारेस्टने नेला, बार्सिलोनाविरुद्ध पेनल्टीवर, बार्साच्या चारही पेनल्टी वाया गेल्या. चारही! मी दरवर्षी एकदा ती फायनल आठवून स्वतःला त्रास करून घेतो. पुढे आमचा स्ट्रायकर लिनेकर बार्सिलोनाला गेला, १९८७ ला परत लीग जिंकून मॅनेजर केंडल बिल्बाओला गेले, कारण युरोपात खेळायचं तर युरोपात जाणं भाग होतं. बंदी नसती तर आम्ही जिंकलोच असतो असं म्हणता येत नाही, पण मी म्हणतो.

तुम्ही म्हणाल हा आपलं रडगाणं गातोय. गातोय थोडं. पण बघा, शिक्षा झाली ती "इंग्लिश फॅन" या नावाला. त्या नावाखाली कोण काय वागलं याची वर्गवारी कोणी केली नाही, करायची गरजही कोणाला वाटली नाही. आणि गुडिसनवरच्या साध्या फॅनने याचा राग कोणावर काढला? युएफावर नाही, ते लांब. पार्कपलीकडच्या अॅनफिल्डवर, म्हणजे लिव्हरपूलच्या मैदानावर. त्याआधी हेच दोघे वेम्बलीला एकत्र बसायचे. १९८४ च्या लीग कप फायनलला लाल आणि निळे मफलर मिसळून बसले होते आणि सगळे मिळून "मर्सीसाइड, मर्सीसाइड" ओरडत होते. एकाच घरात एक पोरगा लाल आणि एक निळा, हे तिथे अगदी नॉर्मल. हेझेलनंतर ते आंबट झालं, आमच्याकडचे काही जण लिव्हरपूलवाल्यांना डर्बीत, म्हणजे एकाच शहरातल्या या दोन क्लबांच्या सामन्यात, "खुनी" म्हणून चँट करायला लागले. प्रीमियर लीगमध्ये सगळ्यात जास्त रेड कार्ड ज्या सामन्यात निघालीत तो हाच, आणि तरी त्याला "फ्रेंडली डर्बी" म्हणतात. असो.

आता १९८९. १५ एप्रिल, शेफील्ड, हिल्सबरो स्टेडियम, एफए कपची सेमीफायनल, लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट. लेपिंग्ज लेनच्या बाजूला बाहेर गर्दी तुंबली, पोलिसांनी एक मोठं गेट उघडलं, आणि लोक सरळ आधीच भरलेल्या मधल्या पेनमध्ये, म्हणजे उभ्या प्रेक्षकांच्या बंदिस्त कप्प्यात, गेले. पुढे जाळी. ही जाळी कशासाठी होती? फॅन मैदानात घुसतात म्हणून. लोक त्या जाळीवर चिरडले जात होते आणि पोलिसांना आधी वाटलं की हे मैदानात घुसायला बघतायत. बदनामी लोखंडाची असते ती अशी. आज मृतांचा आकडा ९७ आहे.

त्याच दुपारी पोलिसांच्या कमांडरने सांगितलं की फॅन्सनी गेट फोडलं. खोटं होतं. चार दिवसांनी 'द सन' या पेपरने पहिल्या पानावर "सत्य" अशी हेडलाइन टाकून छापलं की लिव्हरपूलच्या फॅन्सनी मृतांचे खिसे कापले, पोलिसांवर लघवी केली. तेही खोटं. आणि लोकांना ते पटलं. का पटलं? हेझेल. चार वर्षांपूर्वी जे खरं घडलं होतं त्याच्या जोरावर हे खोटं खपलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चौकशी करणाऱ्या जस्टिस टेलर यांनी लिहून दिलं होतं की मुख्य कारण पोलिसांचं नियंत्रण फसणं हे आहे, तरी "दारू पिऊन उशिरा आलेले फॅन" ही गोष्ट मरेना. २०१२ ला स्वतंत्र पॅनेलने दाखवलं की पोलिसांचे जबाब कसे बदलले गेले, आणि २०१६ ला ज्यूरीने सांगितलं की हे मृत्यू बेकायदेशीर होते आणि फॅन्सची चूक नव्हती. सत्तावीस वर्षं लागली.

आणि या काळात बाजूला कोण उभं राहिलं? आम्ही. ज्यांचा युरोपियन कप यांच्यामुळे गेला ते. दुर्घटनेनंतर गुडिसनपासून अॅनफिल्डपर्यंत, स्टॅनली पार्क ओलांडून, लाल आणि निळे मफलर एकमेकांना बांधत साधारण मैलभर साखळी केली होती. २०१२ ला पॅनेलचा रिपोर्ट आल्यावर गुडिसनवर न्यूकॅसलशी मॅच होती, तेव्हा दोन लहान मुलं हात धरून मैदानात आली, एक एव्हर्टनच्या जर्सीत, एक लिव्हरपूलच्या, पाठीवर नंबर ९ आणि ६, तेव्हा आकडा ९६ होता. 'द सन'वरचा बहिष्कारही दोन्ही बाजूंनी पाळला गेला. लिव्हरपूलवाल्यांनी आपण निर्दोष आहोत म्हणणं ठीक, पण एव्हर्टनवाला म्हणतो तेव्हा त्याला वजन येतं.

हे फक्त तिथलंच नाही. कोलकात्यात १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर ईस्ट बंगाल आणि मोहन बागानच्या डर्बीत १६ माणसं गेली. आणि त्याच दोन क्लबांचे फॅन, शिवाय तिथल्याच मोहम्मडन क्लबचेही, १८ ऑगस्ट २०२४ ला सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर एकत्र उभे होते, आर. जी. कर हॉस्पिटलमधल्या डॉक्टर मुलीला न्याय मिळावा म्हणून. सुरक्षेचं कारण देऊन डर्बीच रद्द केली होती. हे एकमेकांना मारतील याची भीती असते, ते एकत्र आले तर त्याचीही भीती.

लंडनच्या मिलवॉल क्लबबद्दल पण बोलायचं होतं, "आम्ही कोणालाच आवडत नाही, आम्हाला फरक पडत नाही" हे ज्यांचं चँट आहे ते. बदनामी इतकी जुनी की त्यांनी तिचंच गाणं केलं. आणि स्कॉटलंडवाले उलटे. १९७७ ला वेम्बलीत मैदानात घुसून गोलपोस्ट मोडला, हिरवळ उपटून घरी नेली, आणि १९९२ च्या युरोला स्वीडनमध्ये चांगल्या वागणुकीसाठी युएफाकडून कौतुक घेतलं. कसं झालं? इंग्लंडचे फॅन राडा करतात ना, मग आपण करायचा नाही. शत्रुत्वाचा याच्यापेक्षा चांगला उपयोग मला माहीत ना...

चिठ्ठी आलीय. "पाच मिनिटं". बरं, उपाय. भराभर घेतो.

पहिलं, पोलीस. युरो २००० ला बेल्जियमच्या शार्लरुआमध्ये इंग्लंडच्या फॅन्सनी इतका राडा केला की युएफाने टीमलाच घरी पाठवायची धमकी दिली. चार वर्षांनी पोर्तुगालमध्ये युरो, तेच बदनाम फॅन. क्लिफर्ड स्टॉट वगैरे संशोधकांच्या सल्ल्याने शहरांमधल्या पोलिसांनी वेगळंच केलं, साध्या युनिफॉर्ममध्ये जोडीजोडीने फिरा, लोकांशी बोला, हेल्मेटवाली तुकडी गल्लीच्या मागे ठेवा, आणि गडबड झाली तर जो करतोय त्यालाच उचला. सामन्यांच्या शहरात जवळपास काही झालं नाही. आल्बुफेराला दुसऱ्या पोलीसदलाची हद्द होती, तिथे जुनी पद्धत, आणि मारामाऱ्या झाल्या त्या तिथे. स्पर्धा तीच आणि देशही तोच. यावर पूर्ण तासभर बोलता येईल, पण ठीक आहे.

दुसरं, मानसशास्त्रज्ञ मार्क लिव्हाइन यांचा लँकेस्टर विद्यापीठातला प्रयोग. युनायटेडच्या फॅन्सना आधी युनायटेडबद्दल बोलायला लावलं, मग वाटेत एक जॉगर मुद्दाम पडला. युनायटेडच्या जर्सीत असेल तर धावले, लिव्हरपूलच्या जर्सीत असेल तर बहुतेक जण तसेच पुढे गेले. दुसऱ्या वेळी त्यांना फुटबॉल फॅन असण्याबद्दल बोलायला लावलं, तर लिव्हरपूलवाल्यालाही उचलला. साध्या शर्टवाल्याला मात्र तेव्हाही फारसं कोणी उचललं नाही, म्हणजे फुटबॉल बघत नसाल तर जपून पळा.

तिसरं, अवे फॅन्सवर बंदी. अर्जेंटिनात २०१३ पासून पाहुण्या टीमचे फॅन बहुतेक सामन्यांना सोडतच नाहीत. २०१८ च्या लिबर्टाडोरेस, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांच्या कपच्या, फायनलचा दुसरा सामना ब्युनोस आयर्सच्या दोन कट्टर प्रतिस्पर्ध्यांमध्ये, रिव्हर आणि बोकामध्ये, रिव्हरच्या ग्राउंडवर होता, बोकाचा एकही फॅन आत जाणार नव्हता, तरी रिव्हरवाल्यांनी बोकाच्या बसवर दगड मारले, खेळाडू जखमी झाले, मॅच पुढे ढकलली. शेवटी ती ९ डिसेंबरला माद्रिदला बर्नाबेऊवर झाली. तिथे दोन्हीकडचे फॅन आत होते, रिव्हर ३-१ जिंकले आणि मोठा राडा काही झाला नाही. पोलीस प्रचंड होते हे मान्य, पण मग समोरच्याला बाहेर ठेवून नक्की काय मिळवलं होतं ते मला कोणीतरी समजावून सांगा.

हो हो, थांबतो. प्रश्न दोनच घेऊ म्हणतायत. तिकडे युनायटेडची जर्सी मघापासून हात वर करून बसलीय, त्यांना द्या माइक. आणि तेरा पॉइंटबद्दल शंका असेल तर ती लिव्हरपूलवाल्यांना विचारा.