हरवलेलं पान

[दृश्य: लाकडी टेबल. दोन हात पत्ते पिसताहेत.]

टॅरोचा कॅट. 78 पानं. आज तो भविष्य बघायला काढलेला नाही, गोष्ट लिहायला काढलाय.

टॅरो म्हटलं की भविष्यच आठवतं. पण पंधराव्या शतकात उत्तर इटलीत ही पानं आली ती डाव मांडायला. पेले, तलवारी, नाणी आणि सोटे अशी चार रंगांची 56 पानं. त्यांच्यावर 21 चित्रं, आपल्या हुकमासारखी, बाकीच्या पानांना मारणारी. आणि एक वेडा. यातून भविष्य सांगायला लागले ते अठराव्या शतकात, फ्रान्समध्ये.

[दृश्य: सोनेरी पार्श्वभूमीवरची जुनी पानं.]

मिलानच्या ड्यूकांसाठी रंगवलेला हा कॅट. चित्रकार बोनिफाचो बेंबो, असं मानतात. यातली 74 पानं उरली आहेत. काही न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात, काही इटलीत बेर्गामोला. चार हरवली. त्यांतल्या दोन पानांकडे आपण परत येऊ.

1968 साली ऊर्बिनो गावातल्या एका परिसंवादात पत्त्यांनी भविष्य कसं ‘सांगितलं’ जातं यावर एक व्याख्यान झालं. लेखक इटालो कॅल्व्हिनो याच्या डोक्यात तिथून एक विचार घुसला: पत्ते भविष्य सांगू शकतात, तर गोष्ट का नाही? पुढच्याच वर्षी बेंबोच्या पानांवर रचलेलं त्याचं लेखन छापून आलं.

त्याने एक फार मोलाची गोष्ट केली. पानांचे ठरलेले अर्थ बाजूला ठेवले आणि टॅरो म्हणजे काय हे ठाऊकच नसलेल्या माणसासारखा तो चित्रांकडे बघत बसला.

त्याच्या पुस्तकात जंगल ओलांडून काही प्रवासी एका किल्ल्यात येतात. सगळ्यांची वाचा गेलेली. टेबलावर पत्ते. एक तरुण पेल्यांचा घोडेस्वार उचलतो: हा मी. शेजारी नाण्यांचा राजा ठेवतो: बाप असेल, श्रीमंत. मग नाण्यांची दश्शी: वारसा मिळाला. मग सोट्यांची नव्वी. त्या पानावर सोटे एकमेकांत गुंतलेत, मधूनमधून पानंफुलं. बघणाऱ्यांना त्यात आत्ताच ओलांडलेलं जंगल दिसतं.

सोट्यांच्या नव्वीत जंगल! हे कुठल्या अर्थाच्या पुस्तकात सापडणार? ते डोळ्यांनीच सापडायला हवं.

पुढचा प्रवासी आपली गोष्ट आधीच्या पानांना छेद देत मांडतो. आडवं वाचलं की एकाची कहाणी, उभं वाचलं की दुसऱ्याची. पान तेच, शेजार बदलला की अर्थ बदलतो. लिहिणाऱ्यासाठी टॅरोचं खरं बळ मला इथे दिसतं. एकटं पान नुसतं चित्र असतं. दुसरं शेजारी ठेवलं की आपण विचारतो, मग काय झालं?

[दृश्य: कोरी वही. शेजारी एक पान उलगडतं.]

हे आजच्या प्रचलित कॅटमधलं पान, पेल्यांची अठ्ठी. 1909 सालच्या या कॅटची चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांनी काढली. त्यांनी साध्या आकड्यांच्या पानांतही माणसं आणि प्रसंग रंगवले, म्हणून लिहायला हा कॅट हाताशी असावा.

मी पहिल्यांदा बसले तेव्हा सोबतची अर्थांची पुस्तिका उघडली, आणि गोष्ट तिथेच मेली. दुसऱ्यांदा फक्त पाहिलं. लाल झगा, हातात काठी, पाठमोरा माणूस डोंगराकडे चाललाय. वर चंद्र. मागे आठ पेले, खाली पाच, वर तीन. वरच्या ओळीत एका पेल्याची जागा मोकळी. नववा पेला त्याने नेला, की तो कधी नव्हताच? त्या मोकळ्या जागेवर माझी चार पानं लिहून झाली.

[दृश्य: छापील पुस्तकाचं पान, समासात पत्त्यांची छोटी चित्रं.]

आता ती हरवलेली दोन पानं: सैतान आणि मनोरा. कॅल्व्हिनोच्या गोष्टींना दोन्ही हवी होती. पुस्तकात मजकुराशेजारी समासात त्या त्या पत्त्याचं चित्र छापलंय. सैतान आणि मनोरा मजकुरात येतात, कारण गोष्टीला त्यांच्यावाचून पुढे जाता येत नव्हतं.

समासात मात्र त्यांची जागा कोरी आहे.

[दृश्य: कोऱ्या समासावर कॅमेरा थांबतो.]