फावडं नाही, घमेलं नाही

मंडळी, जरा शांतता हवी, कारण सुरुवातीलाच एक आवाज ऐकवायचाय. हा किराणा दुकानातला खाकी कागद, आणि त्यावर सोडलेलं हे गांडूळ. पुढच्या रांगेला ऐकू येतंय? खर्र... खर्र. शेपटीकडून तोंडाकडे हलकंच बोट फिरवलं तर हीच खरखर बोटालाही लागते. आपल्याकडच्या फेरेटिमा गांडुळाच्या जवळजवळ प्रत्येक वळ्याभोवती बारीक, ताठ केसांचं कडं असतं. त्याची हत्यारं म्हणाल तर एवढीच.

‘गांडूळ बीळ खणतं’ असं आपण म्हणतो. पण खणतो तो खेकडा. समुद्रकिनारी पाहा, पायांच्या कवेत वाळू धरून तिरका तिरका वर येतो, ती भिरकावतो, पुन्हा आत. २०१९ मध्ये चिपळूणजवळचं तिवरे धरण फुटलं, तेव्हा या बिचाऱ्यांवर खापर फोडून झालं. त्यावर विनोदही खूप झाले. माणसं गेली होती, हसण्याचा विषय नव्हता तो. पण भातखाचराचा बांध खेकडे पोखरतात, हे कोकणात कुणीही सांगेल.

गांडुळाचा खाक्या वेगळा. अंगात हाड नाही. पाणी भरलेले छोटे छोटे कप्पे एकामागे एक, आणि भोवती दोन तऱ्हांचे स्नायू. कड्यासारखे स्नायू आवळले की अंग बारीक, लांब होतं आणि तोंडाचं टोक मातीच्या फटीत शिरतं. मग लांबीतले स्नायू आखडतात. पाणी काही दाबून लहान होत नाही, म्हणून तो भाग आडवा फुगतो, केस भिंतीत रुततात, फट रुंदावते आणि मागचं अंग पुढे खेचलं जातं. गंमत अशी, की फुगवट्याची ही लाट शेपटीकडे जाते आणि गांडूळ मात्र पुढे सरकतं! नीट बघा कागदावर, दिसेल.

माती रेटूनही हटली नाही तर? खाऊन टाकायची. पोटातून फिरून ती बाहेर पडते, पुष्कळदा जमिनीवरच, बारीक शेवेच्या चुऱ्यासारखी. मागे राहिलेल्या बोगद्याला अंगाचा चिकट स्राव लागतो, सारवलेल्या भिंतीसारखा. पावसाचं पाणी याच वाटांनी खाली उतरतं आणि वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, लवकर येतो. आपण वर्षातून दोनदा रोटाव्हेटर घालतो आणि या वाटा मोडून टाकतो, तो भाग वेगळा.

हे काम किती हळू आणि किती मोठं, ते डार्विनने मोजलं. इंग्लंडात केंटमधल्या घराजवळच्या शेतात त्याने डिसेंबर १८४२ मध्ये खडूचे तुकडे पसरले आणि नोव्हेंबर १८७१ मध्ये तिथे चर खणला. एकोणतीस वर्षं थांबायचं, म्हणजे बघा! खडूची पांढरी रेघ चराच्या दोन्ही अंगांना सात इंच खाली सापडली. खडू कुणी पुरला नव्हता. गांडुळांनी खालची माती वर आणून टाकली, आणि खडू खाली खाली जात राहिला.

आता हा कागद मागच्या रांगांकडे पाठवतो. गांडूळ सुकू देऊ नका, ते कातडीनेच श्वास घेतं. बाटलीतलं थोडं पाणी शिंपडा, आणि कान जवळ न्या.